पाच पानं, बत्तीस वाटा

व्हिडिओ पोकरच्या पडद्यावर बदामाची पाच पानं आली आहेत: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि चौकी. पाचही बदामाची, म्हणजे फ्लश लागला. लावलेल्या प्रत्येक नाण्यामागे सहा नाणी नक्की. तरीही जाणकार खेळाडू चौकी टाकून देतो, लागलेला डाव मोडतो आणि नवं पान मागतो.

नियम अगदी साधे आहेत. 52 पानांच्या कॅटमधून पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती एकदाच बदलायची, मग यंत्र पडद्यावरच्या तक्त्याप्रमाणे पैसे देतं. समोर दुसरा खेळाडू नसतो, त्यामुळे कुणाचा चेहरा वाचायचा नसतो. उरतं ते शुद्ध गणित. चौकी टाकल्यावर कॅटमध्ये 47 पानं राहतात. त्यांतली बदामाची दश्शी आली तर रॉयल फ्लश, एका नाण्याला 800. बदामाची आणखी सात पानं पुन्हा फ्लश लावून देतात. बाकीच्या तीन दश्श्यांनी स्ट्रेट होतो, त्याला चार. बारा पानांनी गुलाम किंवा त्याहून मोठी जोडी जमते, तिला एक. सगळ्यांची बेरीज 866, तिला 47 नं भागलं की सरासरी 18.43. हातातल्या सहाच्या तिप्पट! उरलेल्या 24 पानांत काहीच मिळत नाही, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा लागलेला डाव हातचा जाणार. आणि तरीही निर्णय बरोबरच.

मला या खेळात सर्वांत सुंदर वाटते ती गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रत्येक पान ठेवायचं की टाकायचं, असे दोनच पर्याय. पाच पानांचे मिळून 32. पाचही ठेवली तर परिणाम एकच. एक पान टाकायच्या पाच तऱ्हा, प्रत्येकीत 47 शक्यता. दोन टाकायच्या दहा तऱ्हा, प्रत्येकीत 1,081. असं करत करत पाचही टाकली, तर 15,33,939. या बत्तीसही वाटांवरच्या सगळ्या शक्यता एकत्र करा. बेरीज येते 25,98,960. आणि 52 पानांच्या कॅटमधून पाच पानांचे एकूण हात किती बनतात? तेही नेमके 25,98,960!

हा योगायोग नाही. शेवटी हवा असलेला कुठलाही हात मनात धरा. त्यातली जी पानं तुमच्याकडे आधीच आहेत ती ठेवायची, बाकीची टाकायची. त्या हातापर्यंत जाणारी ती एकमेव वाट. म्हणजे पहिली पाच पानं कितीही फुटकी असोत, कॅटमधला एकूण एक हात तिथून गाठता येतो आणि प्रत्येकाकडे जायला एकच वाट असते. डावपेच म्हणजे या बत्तीस वाटांपैकी सरासरीनं सर्वांत भरघोस वाट ओळखणं. पंजीची जोडी आणि सुटा एक्का आला की हात एक्क्याकडे वळतो. पण जोडीची सरासरी सुमारे 0.82 नाणं आहे, नुसत्या एक्क्याची अर्ध्याहूनही कमी.

हे गणित मांडता येतं, कारण पानं खरी आहेत. सुमारे 1979 मध्ये साय रेड यांच्या कंपनीनं ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र नेव्हाडात लोकप्रिय केलं. हीच कंपनी पुढे आयजीटी झाली. नेव्हाडाच्या नियमानुसार यंत्रावर पत्ते दिसत असतील, तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असावी लागते. फिरत्या चित्रांच्या स्लॉट यंत्रात कुठलं चित्र किती वेळा येणार हे बाहेरून कळत नाही. इथे तक्ता वाचला की यंत्राचं अंतरंग उघडं पडतं. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा मिळत असतील, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात 99.54 टक्के परत मिळतात. आठ आणि पाच असतील तर 97.30. बाकी तक्ता तोच, यंत्र दिसायलाही तसंच. दोन आकडे एकेकानं घटले आणि कॅसिनोचा वाटा जवळजवळ सहापट झाला.

त्यात रॉयल फ्लशची मेख आहे. अचूक खेळलं तरी तो सरासरी 40,000 हातांत एकदा लागतो, आणि 800 चा दर पाच नाणी लावली तरच. एक ते चार नाण्यांना 250. परताव्यातले जवळपास दोन टक्के या एका हाताचे असतात. तो लागेपर्यंत 99.54 टक्क्यांचं यंत्रही प्रत्यक्षात साडेसत्त्याण्णवच देत राहतं.

‘ड्यूसेस वाइल्ड’मध्ये चारही दुर्र्या हव्या त्या पानाच्या जागी चालतात. त्याच्या सर्वांत उदार तक्त्याचा परतावा 100.76 टक्के निघतो, म्हणजे कागदावर कॅसिनो तोट्यात. लास व्हेगासमध्ये अशी यंत्रं उघड्यावर मांडलेली असत. पण तो आकडा हाती लागायला प्रत्येक हातात बत्तीसांतली नेमकी वाट धरावी लागते, तासन्‌तास, आणि बहुतेक खेळाडूंना ते जमत नसे.