हुबळी-धारवाडची घरपट्टी

सुमारे 20 किलोमीटर अंतरावरची ही दोन शहरे 1962 मध्ये एका महानगरपालिकेखाली आली. कर्नाटकाने जकात 1979 मध्येच रद्द केली. महाराष्ट्रातल्या महापालिकांना तो आधार पुढे कितीतरी वर्षे होता. इथे मात्र स्वतःच्या कमाईत मोठा भार घरपट्टीवरच येतो.

2021 मधल्या कायदादुरुस्तीने ही आकारणी मुद्रांक खात्याच्या मार्गदर्शक मूल्याशी जोडली गेली. पूर्वी वाढ तीन वर्षांतून एकदा होई, आता दरवर्षी 3 ते 5 टक्के. समजा, घराचे मूल्य 40 लाख आहे. करासाठी त्याचा चौथा हिस्सा धरतात, म्हणजे 10 लाख. दर अर्धा टक्का धरला तर कर 5,000 रुपये. त्यावर ग्रंथालय उपकर 6 टक्के, म्हणजे आणखी 300. एप्रिलमध्ये भरल्यास करात 5 टक्के, म्हणजे 250 रुपये सूट. थकवल्यास दरमहा 2 टक्के दंड.

व्यापारी आणि घरमालक वाढ मागे घ्या म्हणतात, आणि त्यांची तक्रार रास्त आहे: मलप्रभेचे पाणी कित्येक वस्त्यांत आठवड्यातून एकदा येते, पण पट्टी चुकत नाही. मात्र दर उतरवले की पहिली कात्री गटारे, रस्ते आणि पथदिव्यांना लागते, पगार-पेन्शनला नाही. सरसकट कपातीपेक्षा थकबाकी वसूल करणे आणि नोंद नसलेल्या इमारती करकक्षेत आणणे अधिक न्याय्य. जानेवारी 2025 मध्ये धारवाडच्या वेगळ्या महापालिकेला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्या 26 प्रभागांच्या घरपट्टीवर नवा कारभार किती चालेल, हा हिशेब आधी मांडायला हवा.