'पूस की रात' : कथनतंत्राच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना :
भारतीय ग्रामीण कथेचा विचार प्रेमचंद (१८८०-१९३६) यांना वगळून करता येत नाही. १९३० साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'पूस की रात' ही हिंदी कथा आकाराने लहान आहे. उद्ध्वस्त शेत पाहूनही तिचा नायक हलकू अखेरीस समाधान व्यक्त करतो. हा त्याचा आळस मानावा काय, या प्रश्नाचे उत्तर कथेच्या तंत्रात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वस्तूचे प्रतीकात रूपांतर :
हलकूने मजुरीतून पै-पै साठवून कांबळ्यासाठी तीन रुपये जमविलेले असतात. ते धनको सहनाला द्यावे लागतात. सहना कथेत जवळजवळ दिसतच नाही. परंतु कांबळ्याच्या अभावातून त्याचे अस्तित्व रात्रभर जाणवत राहते. अशा रीतीने कर्जासारखी अमूर्त गोष्ट लेखक थेट शरीराला झोंबणाऱ्या थंडीत रूपांतरित करतो. शोषणावर भाष्य करण्याची त्याला गरज उरत नाही.

वातावरण आणि सहचर :
येथे थंडी ही पार्श्वभूमी नसून प्रतिपक्ष आहे. आठ चिलमी ओढूनही ती हटत नाही. अखेर हलकू जबरा या कुत्र्याला कुशीत घेतो. त्याच्या अंगाची दुर्गंधी येत असूनही त्याला त्यात सुख वाटते. माणूस आणि प्राणी यांतील अंतर दारिद्र्याने पुसले जाते. मात्र त्यातूनच निखळ मैत्रीही प्रकट होते. हा दुहेरी परिणाम प्रेमचंदांच्या वास्तववादाचे सामर्थ्य होय.

ध्वनीद्वारे कथन :
आमराईतील वाळलेली पाने पेटवून हलकू शेकत बसतो. त्याच वेळी नीलगायींचा कळप शेतात शिरतो. हा विध्वंस लेखक दाखवीत नाही, ऐकवितो. जबराचे भुंकणे आणि पीक चरल्याचा आवाज हलकूच्या कानी येतो. तो स्वतःची समजूत घालतो, उठतो, दोन-तीन पावले चालतो आणि बोचऱ्या वाऱ्याने परत राखेजवळ येऊन बसतो. कर्तव्यबुद्धी आणि शरीर यांतील हा संघर्ष त्या मोजक्या पावलांत सामावलेला आहे. कुत्रा मात्र भुंकत राहतो. या विरोधामुळे हलकूची हतबलता अधिक ठळक होते.

उपरोधपूर्ण शेवट :
आरंभी पत्नी मुन्नी शेती सोडण्याचा आग्रह धरते, तर हलकू निमूटपणे देणे चुकवितो. शेवटी मुन्नी चिंतातुर होते, कारण आता मजुरी करून शेतसारा भरावा लागणार. हलकू मात्र थंडीत राखण करण्यातून सुटल्याबद्दल प्रसन्न दिसतो. भूमिकांची ही अदलाबदल आरंभापासूनच योजलेली आहे. पीक वाचले तरी ते देण्यातच जाणार, ही जाणीव आरंभीच्या संवादातच पेरलेली असते. म्हणून हलकूचे समाधान आळशी माणसाचे ठरत नाही. ज्या श्रमाचे फळ आपले नाही, त्या श्रमातून झालेली ती क्षणिक सुटका आहे. ही सुटकाही निर्भेळ नाही, कारण पुढे मजुरी अटळ आहे.

निष्कर्ष :
एक रात्र, मोजकी पात्रे आणि एक न मिळालेले कांबळे एवढ्या सामग्रीतून ही कथा शेतकऱ्याचा शेतीवरील विश्वास कसा ढासळतो हे दाखविते. लेखक हलकूचा निवाडा करीत नाही. तो वाचकावर सोपवितो. शेतकरी शेतीपासून का दुरावतो, हा प्रश्न आजही विचारला जातो. म्हणूनच या कथेचे वाचन केवळ वाङ्मयीन अभ्यासापुरते मर्यादित राहत नाही.