आपलाच आवाज वजा करणारा मोडेम

भूस्थिर उपग्रहावरचा ट्रान्सपाँडर फारसा चौकस नसतो. सी बँडमध्ये ६ गिगाहर्ट्झच्या आसपास आलेला संदेश तो ४ गिगाहर्ट्झच्या आसपास उतरवतो, त्याची ताकद वाढवतो आणि खाली सोडून देतो. कोणी कोणाला पाठवला, याच्याशी त्याला घेणं नसतं. त्यामुळे खाली येणाऱ्या त्याच झोतात असलेल्या भूकेंद्राला समोरच्याच्या संदेशाबरोबर स्वतःचा संदेशही पाव सेकंदाने परत ऐकू येतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या कॅरिअरना, म्हणजे संदेश वाहणाऱ्या लहरींना, वेगळे पट्टे दिले की याचा त्रास होत नाही. मात्र ट्रान्सपाँडरवरची जागा भाड्याची. दोन पट्टे घ्यायचे तर दोन भाडी भरायची.

दोन्ही कॅरिअर एकाच पट्ट्यात, एकमेकांवर चढवले तर?

व्हायासॅट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे मार्क डँकबर्ग आणि त्यांचे सहकारी यांना या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये मिळालं. पुढे सनीव्हेलच्या अप्लाइड सिग्नल टेक्नॉलॉजीने ‘डबलटॉक’ हे तंत्र तयार केलं, आणि कॉमटेक ईएफ डेटाने ते आपल्या मोडेममध्ये ‘कॅरिअर-इन-कॅरिअर’ या नावाने बसवलं.

तत्त्व सोपं आहे. आपण काय पाठवलं ते आपल्याला ठाऊक असतं. तेवढं वजा केलं की उरतं ते समोरच्याचं. खरी कसोटी वजाबाकीच्या नेमकेपणात लागते. मोडेम पाठवलेल्या संदेशाची प्रत स्मृतीत जपून ठेवतो. २.०४८ मेगाबिटचा दुवा क्यूपीएसके पद्धतीने (एका चिन्हात दोन बिट) आणि ३/४ कोडिंगने (चारपैकी तीन बिट माहितीचे) चालवला तर पाव सेकंदात सुमारे ३.४ लाख चिन्हं जातात. ही प्रत नेमक्या त्याच उशिराने पुढे आणायची, तिची फ्रिक्वेन्सी, फेज आणि ताकद परत आलेल्या संदेशाशी जुळवायची. त्यात उपग्रह ‘स्थिर’ म्हणवत असला तरी रोज थोडा हलतो, ट्रान्सपाँडरचा ऑसिलेटर सरकतो, पावसाने सिग्नल पडतो. म्हणून हे जुळवणं अखंड चालू ठेवावं लागतं.

जमिनीवरच्या रेडिओत असंच काही करणं कितीतरी अवघड. २०१० नंतर स्टॅनफर्डमध्ये आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी सचिन कट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलणारे आणि ऐकणारे वायफाय रेडिओ घडवले. तिथे आपलाच कल्लोळ ११० डेसिबलपर्यंत खाली आणावा लागला. उपग्रहाच्या दुव्यात अपलिंक आणि डाउनलिंकच्या फ्रिक्वेन्सी मुळातच वेगळ्या. परत येणारा आपला संदेशही समोरच्याच्या संदेशाइतकाच क्षीण असतो, त्यामुळे रिसीव्हर दबून जात नाही. ही वजाबाकी आधी आकाशात यशस्वी झाली, यात मग नवल नाही.

‘जागा निम्मी’ ही जाहिरात मात्र जपून वाचावी. वरच्या उदाहरणात, २० टक्के रोल-ऑफ (पट्ट्याच्या कडांसाठीची जादा जागा) धरला तर दोन स्वतंत्र कॅरिअरना मिळून ३.२८ मेगाहर्ट्झ लागतात. एकावर एक ठेवले तर १.६४. उपग्रहाची वीज मात्र तेवढीच खर्च होते, किंबहुना वजाबाकीत राहिलेल्या अवशेषापायी किंचित जास्त. ज्या ट्रान्सपाँडरवर जागेआधी वीज संपते, तिथे वाचलेल्या पट्ट्याचा उपयोग काय? म्हणून जाणकार हिशेब उलटा मांडतात. एवढ्याच १.६४ मेगाहर्ट्झमध्ये दोन कॅरिअर शेजारी शेजारी बसवायचे तर १६-क्यूएएम (एका चिन्हात चार बिट) लागतं आणि त्याला साधारण दुप्पट ताकद द्यावी लागते. एकमेकांवर चढवलेले क्यूपीएसके कॅरिअर निम्म्या ताकदीत भागवतात. भूकेंद्राला लहान अॅम्प्लिफायर पुरतो. माझ्या मते या तंत्राची खरी कमाई ही आहे.

दोन्ही दिशांची रहदारी विषम असेल तर नफा आटतो. एकीकडून १० मेगाबिट आणि दुसरीकडून १ असं असलं तर वाचते फक्त लहान कॅरिअरची जागा, म्हणजे जेमतेम ९ टक्के. गोपनीयतेला मात्र या तंत्राचा फायदा होतो: चोरून ऐकणाऱ्याकडे दोन्हीपैकी एकाचीही प्रत नसल्याने त्याच्या हाती खिचडी लागते. पण स्पेक्ट्रम अॅनलायझरवर दोघांचा एकच उंचवटा दिसत असल्याने बाहेरचा व्यत्यय शोधणाऱ्या तंत्रज्ञालाही तीच अडचण येते.

या तंत्रासाठी उपग्रहात काहीच बदलावं लागत नाही. जुन्या उपग्रहावरही ते चालतं. अनेक छोटे झोत सोडणाऱ्या नव्या स्पॉट-बीम उपग्रहांवर मात्र गेटवेचा, म्हणजे मुख्य भूकेंद्राचा, संदेश दुसऱ्याच झोतात उतरतो. गेटवेला स्वतःचा आवाज परत मिळतच नाही, म्हणून वजाबाकी करायला काही उरत नाही.