‘हम दोनो’ : एक उपेक्षित तबकडी

सॅक्सोफोन हे वाद्य आपणांस अगदीच परके नाही. साखऱ्यासारख्या गावाच्या वरातीतही बँडबरोबर ते वाकड्या तोंडाचे पितळी वाद्य एखादे वेळी दृष्टीस पडते. परंतु त्याच वाद्याने लंडन येथे एका गोमंतकीयाच्या गिटारीशी केलेला संवाद आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकला असेल. १९६९ साली तो ‘हम दोनो’ या नावाने तबकडीवर निघाला. नावावरून देव आनंदचा १९६१ सालचा बोलपट आठवेल. येथले दोघे मात्र निराळे. एक जमेकात जन्मलेला जो हॅरियट आणि दुसरा मुंबईस १९३६ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेला अमान्सिओ डिसिल्व्हा.

हॅरियट काही नवखा नव्हता. त्याच्या ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या तबकडीस अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाने पाच तारे देऊन गौरविले होते. पुढे १९६६ साली कलकत्त्याच्या जॉन मेयरबरोबर त्याने ‘इंडो-जाझ सूट’ केले. त्यात सतार होती, तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर होते. प्रयोग धाडसाचा खरा. पण दोन पाहुणे एका दिवाणखान्यात आळीपाळीने बोलावेत, तसे त्यात पुष्कळदा वाटते, हे मला नमूद केले पाहिजे.

‘हम दोनो’मध्ये सतार नाही, तबलाही नाही. हॅरियट व डिसिल्व्हा यांच्या जोडीस डेव्ह ग्रीनचा बास आणि ब्रायन स्प्रिंगचे ड्रम, असे हे चौघांचे वाद्यवृंद. शिवाय इयन कारचा ट्रम्पेट आणि नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा निःशब्द आवाज. आपण आकाराने आलाप करतो, तसा शब्दांवाचून तो वाद्यांत मिसळतो. गिटारीचे पडदे पक्के. मींड हवी तर तार ओढावी लागते. सॅक्सोफोनवाल्यास तेच काम ओठांच्या दाबाने साधते. म्हणून हिंदी वळण येथे वाद्याच्या वेषात नसून स्वरांच्या चालण्यात आहे. ‘बॅलड फॉर गोवा’ ऐकताना हे विशेष जाणवते. ‘जयपूर’ या रचनेच्या नावात डिसिल्व्हास आश्रय देणाऱ्या महाराणी गायत्रीदेवींच्या नगरीचे स्मरण आहे.

मग कीर्तीचे काय झाले? हॅरियटचा गौरव टीकाकारांनी ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’साठी केला, हिंदी संगीताशी त्याचा संबंध आला तो बहुधा सतारीच्या खुणेने ओळखला; ही तिसरी वाट मागे राहिली. तबकडी बाजारातून नाहीशी झाली आणि जुन्या प्रती शौकिनांत चढ्या किमतीस विकल्या जाऊ लागल्या. आज तिला ब्रिटिश जाझमधील मोलाचा ठेवा मानणारे पुष्कळ आहेत. त्याचा हॅरियटला उपयोग झाला नाही. १९७३ च्या जानेवारीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. डिसिल्व्हाची ‘कोंकण डान्स’ ही ध्वनिमुद्रिका तर तयार होऊनही कित्येक दशके पेटीतच पडून राहिली. ती २००६ साली बाहेर आली, तेव्हा त्यास जाऊन दहा वर्षे लोटली होती.