लाट वजनाने उठते, वेगाने घडते

वेकबोर्डिंगच्या बोटींच्या जाहिरातींत एक आकडा हमखास मिरवतो: बॅलास्टच्या टाक्यांत किती पाणी मावते. बोट जितकी जड तितकी मागची लाट मोठी आणि खेळाडूची उडी उंच, असा हिशेब. तो अर्धाच खरा आहे. वजनाने बोट खोल बसते, जास्त पाणी सारते, लाट उंचावते, इथवर ठीक. पण लाटेचा घाट वेगाच्या हातात असतो. बोटीसोबत धावणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १८ किलोमीटरला सुमारे १६ मीटर, तर ३६ ला ६४. वेग दहा टक्क्यांनी वाढला तरी लांबी एकवीस टक्क्यांनी वाढते. वेकबोर्डिंगचा वेग साधारण ३० ते ३८ च्या दरम्यानचा. बोट जड आणि वेग कमी असेल, तर माथा फुटून नुसता फेस उरतो. मग चालकाला थ्रॉटल किंचित पुढे सारून लाट पुन्हा घट्ट करावी लागते.

गंमत अशी, की हे शास्त्र लाट टाळण्याच्या खटपटीतून जन्मले. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६७ मध्ये डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ ही जहाजांची दोन घाटांची मॉडेल्स ३, ६ आणि १२ फुटी मापांत ओढून पाहिली. एका वेगाला सरस ठरलेले मॉडेल दुसऱ्या वेगाला मागे पडले. वेग आणि जहाजाची लांबी यांच्या नात्याला पुढे फ्रूडचे नाव चिकटले. त्याच्या आधी तो नियम मांडणारा फ्रान्सचा रीच मात्र तळटीपेत राहिला! फ्रूडच्या लेखी जी शक्ती लाटांत वाया जात होती, तीच इथे विकत घेतली जाते.

मग बॅलास्ट भरूच नये का? जरूर भरावा, पण तो कुठे ठेवला हे त्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. सारे ओझे मागे रचले, की गाडीसारखी बोटही उलाळ होते: लाट उभी आणि आखूड, नाक वर, चालकाला समोरचे दिसेना. थोडे वजन पुढे सरकवले की चढ लांब आणि सौम्य होतो. शिवाय खेळाडू पडल्यावर भर वेगात वळणाऱ्या चालकाच्या लाटा उलटून पुढची फेरीच नासवतात. आधी वेग उतरवावा, मग वळावे. जड बोटीच्या लाटा किनाराही कुरतडू शकतात, तेव्हा काठापासून दूर राहण्याला पर्याय नाही. आधी वेग, मग तोल, आणि मगच वजन. जाहिरात नेमकी उलटीकडून सुरू होते.