चाल सुचत नाही तेव्हा

पेटी समोर ओढून 'आज काहीतरी नवीन करूया' म्हणून बसलं की बोटं आपोआप जुन्याच जागी जातात. तुमचंही होतं ना? माझ्या पीएचडीचा विषयच नवनिर्मिती आहे, तरी माझं होतंच!

म्हणून आज कुमार गंधर्व. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. वय जेमतेम तेवीस-चोवीस, आणि गायला सक्त मनाई. मग पुढची काही वर्षं पडल्या पडल्या करायचं काय? तर ऐकायचं. आजूबाजूला माळवी लोकगीतं होती. ती त्यांनी नुसती ऐकली नाहीत, स्वरलिपीत उतरवून घेतली.

खरी गंमत इथे आहे. लोकधून बहुतेकदा चार-पाच स्वरांतच फिरते. एखाद्या स्वरावर रेंगाळते, एखादा गाळते. तिचा हा स्वभाव धरून पुढे चालत गेलं तर कुठला राग उभा राहील? या शोधातून मालवती, संजारी, लगनगंधार असे 'धुनउगम' राग आले. (आजारपणाने त्यांना कला दिली, हे वाक्य मला अजिबात पटत नाही. आजारपणाने फुप्फुस नेलं. कान आणि वही त्यांची स्वतःची होती.)

तुम्हीही करून बघा. घरातली एखादी ओवी रेकॉर्ड करा, शब्द बाजूला ठेवा, फक्त स्वर लिहा. कुठला स्वर ती टाळतेय ते बघा आणि तिथून पुढे गुणगुणा.

माझ्या आजीची ओवी तीन स्वरांत संपते. चौथा कुठला लावायचा, यावर दोन आठवडे अडकलेय.