मुठीएवढे हृदय

मुलांनो, एका हाताची मूठ आवळा आणि तिच्याकडे नीट पाहा. तुमचे हृदय साधारण तेवढेच असते. उर्दूत आपण ज्याला दिल म्हणतो, तेच हे हृदय. शायरांनी त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तो एक पंप आहे. हा पंप दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. इतके काम करायचे तर हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते. ते त्याला ज्या नळ्यांतून मिळते, त्यांना रोहिणी म्हणतात. रोहिणीच्या आतल्या अस्तरात चरबीचा थर साचत गेला, की तिची वाट अरुंद होते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि रक्त अडते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

झटका अचानक येतो. पण थर साचायला कित्येक वर्षे लागतात. मग तो कोणाच्या रोहिणीत जास्त साचतो?

हे कळायला फार वेळ लागला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 1945 साली मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300/190 होता! घरी आपण ज्याला 'बीपी' म्हणतो, तोच हा रक्तदाब. निरोगी माणसाचा तो 120/80 च्या आसपास असतो. वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टर मानत. त्यावर चांगले औषधही तेव्हा नव्हते.

पुढे 1948 साली अमेरिकेतच, बॉस्टन शहराजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावी एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या 30 ते 62 वर्षांच्या 5,209 स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासायचे ठरले. डॉक्टर त्यांचा रक्तदाब मोजत, रक्त तपासत, सिगारेट ओढता का, हे विचारत आणि सारे लिहून ठेवत. मग वाट पाहत. कोणाला झटका आला, की त्याच्या जुन्या नोंदी काढून पाहत. किती चिकाटीचे काम! 1961 पर्यंत चित्र बरेच स्पष्ट झाले. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त होते, त्यांना हृदयविकार अधिक होत होता. पुढे तंबाखूचा धूर, मधुमेह, लठ्ठपणा आणि बैठे जीवन यांचाही दोष दिसून आला. अशा गोष्टींना 'जोखमीचे घटक' म्हणतात.

काही घटक आपल्या हाती नसतात. वय कोणाला थांबवता येत नाही. पुरुषांना हा आजार स्त्रियांपेक्षा बहुधा लवकर गाठतो. वडिलांना किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला 65 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपली जोखीम वाढते.

पण ते गाव अमेरिकेतले. तिथले निष्कर्ष आपल्याला लागू पडतात का? भारतात जन्मलेले, बंगळुरूला वैद्यकशास्त्र शिकलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले डॉक्टर सलीम युसूफ यांनी 52 देशांतील सुमारे 30 हजार लोकांची पाहणी केली. ती 2004 साली प्रसिद्ध झाली. पहिल्या झटक्याची नव्वद टक्के जोखीम केवळ नऊ घटकांत सामावलेली निघाली. त्यांत तंबाखू आणि रक्तातील चरबी यांचा वाटा सर्वांत मोठा होता. सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळे-भाज्या न खाणे हेही त्यांत होतेच. आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्याला काळजीत टाकणारी आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश या भागांतल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो.

माझ्या अब्बांना तो बावन्नाव्या वर्षी आला. त्यांना रक्तदाबाची गोळी सांगितली होती. "मला तर काही होत नाही," असे म्हणून त्यांनी ती सोडून दिली. रक्तदाबाचा कावा हाच! तो दुखत नाही. बिडी मात्र त्यांनी सोडली नव्हती, आणि रमजानमध्ये इफ्तारला तळलेली भजी त्यांना रोज लागत. एके दिवशी पहाटे त्यांची छाती भरून आली, घाम फुटला. आम्हांला वाटले, अपचन झाले. सोडा पाजण्यात आम्ही दोन तास घालवले. तेवढ्यात हृदयाचा काही स्नायू कायमचा निकामी झाला. अब्बा वाचले, पण आता ते जिना चढताना मध्येच थांबतात. बिडी त्यांनी त्या दिवसापासून सोडली. तंबाखूचा धूर सोडल्यावर वर्षभरात त्यामुळे वाढलेली जोखीम निम्म्याने कमी होते, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा अम्मी म्हणाली, "मग वीस वर्षांपूर्वी सोडली असती तर?"

आता आमच्या घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. दर रविवारी माझी मुलगी दादाअब्बांच्या दंडाला पट्टा बांधते आणि आकडा वहीत लिहिते. मागच्या महिन्यात तिने त्याच वहीत माझ्या नावाचे एक पान केले.